आज कोरड्यास काय करू?

पत्र: मी लातूरला पतसंस्थेत कामाला आहे. सहाला सुटते, वाटेत माळवं घेऊन घरी यायला पावणेसात होतात. सासूबाईंना शुगर आहे, त्यांना गोळीमुळे साडेसातला जेवायला लागतं. यजमान एमआयडीसीतून आठला येतात. मुलगी पाचवीत आहे. मुलगा अकरावीत आहे, नीटच्या क्लासहून सव्वानऊला घरी पोचतो. दारात पाऊल टाकलं की ‘आज कोरड्यास (भाकरीसोबतची भाजी-आमटी) काय करू’ हाच प्रश्न. शेवटी बटाटा आणि भात, नाहीतर पार्सल. आठवड्यातून दोनदा पार्सल येतं, दर वेळी साडेतीनशे जातात. पाच लिटर तेलाचा डबा महिना पुरत नाही. सकाळी डाळ लावून ठेवावी म्हटलं तर बोअरच्या पाण्यात ती शिजत नाही, सोडा घालावा लागतो. पौष्टिक, परवडणारं आणि पाऊण तासात होणारं काही सांगा.

उत्तर:

ताई, नमस्कार.

पाऊण तासात पाच जणांचा रात्रीचा स्वयंपाक होतो. तुमचा होत नाही, कारण त्याच पाऊण तासात काय करायचं ते ठरवणं, निवडणं, चिरणं आणि भिजवणंही बसवावं लागतं. संध्याकाळी गॅसपाशी दोनच कामं उरू द्या, भाकरी आणि फोडणी. बाकी सगळं सकाळी किंवा रविवारी उरकलेलं असावं. आपल्याकडचा जुना स्वयंपाक असाच चालायचा. येसर (भाजलेल्या धान्य-डाळीचं मसाल्याचं पीठ), कूट, सुक्या चटण्या हे सगळं आधी करून ठेवलेलं असे, म्हणून शेतातून उशिरा आलेल्या बाईलाही तासाभरात सगळ्यांना वाढता यायचं.

आधी डाळीचं बघू, कारण तिथंच गाडी अडली आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या दाण्यात पेक्टिन नावाचा घटक असतो. तो सैल झाला की दाणा फुटतो, पण हे क्षार त्याला उलट घट्ट करतात. म्हणून शिट्ट्या कितीही काढा, दाणा मधे कडकच राहतो. सोड्याने डाळ मऊ होते हे खरं, पण त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं आणि मिठासारखंच सोडियमही न कळत पोटात जातं. शुगर असलेल्या घरात बहुतेक वेळा बीपीचंही बघावं लागतं, म्हणून सोडा बंदच करा. डाळ धुवायला बोअरचं पाणी चालेल, भिजवायला आणि शिजवायला मात्र पिण्याचं गोडं पाणी घ्या. दिवसाला दीड-दोन लिटरचा प्रश्न आहे. तेही नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार होऊ द्या आणि वरचं निवळ तेवढं वापरा. तळाशी बसलेला पांढरा थर टाकून द्या. याने सगळे क्षार जात नाहीत, पण फरक पडतो. गोड्या पाण्यातही डाळ शिजली नाही तर ती जुनी आहे असं समजा आणि दुकान बदला. लातूरच्या बाजारात तुरीची ताजी डाळ मिळणं काही अवघड नाही.

आता माप. पाच जणांच्या दोन रात्रींसाठी ३५० ग्रॅम तूरडाळ घ्या. वाटीच्या मापावर जाऊ नका, प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. अर्ध्या किलोची पिशवी एकदा तुमच्या वाटीने मोजून ठेवा. सकाळी उठल्या उठल्या डाळ भिजत घाला, अर्धा तास पुरतो. मग डाळीच्या तिप्पट पाणी, पाव चमचा हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकर लावा. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिट्टीतून डाळ बाहेर येत नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. चिंच, टोमॅटो, कोकम यातलं काहीही आत्ता घालू नका. आंबटानेही पेक्टिन घट्ट होतं आणि डाळ बोटचेपी होत नाही. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर.

शिजलेली डाळ ओट्यावर ठेवून कामाला जाऊ नका. उन्हाळ्यात ती दुपारपर्यंतच आंबते. पसरट पातेल्यात काढा, परातीत पाणी घेऊन त्यात ते पातेलं ठेवा. अर्ध्या तासात डाळ गार होते, मग झाकून फ्रीजमध्ये. दिवसभर लाईट गेली असेल तर संध्याकाळी आधी वास घ्या. फेस किंवा आंबूस वास असेल तर उकळून वापरण्याचा मोह नको, टाकून द्या. ज्या दिवशी लाईटचा भरवसा नाही, त्या दिवशी सासूबाईंना सव्वासहाला तेवढी डाळ भिजत घालायला सांगा. पावणेसातला ती कुकरमध्ये जाईल.

या एका कुकरातून पहिल्या रात्री चुक्याची डाळ करा. चुक्याची एक मोठी जुडी निवडून, आधी धुवून मग चिरा. चिरून धुतलं तर पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात. पातेल्यात चार चहाचे चमचे तेल, जिरं, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि लाल मिरची घाला. लसूण तांबूस झाला की चुका टाका. तो तीन-चार मिनिटांत आळून लगदा होतो. मग निम्मी डाळ, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि लिंबाएवढा गूळ नको, सुपारीएवढा पुरे. एक उकळी आली की उतरवा. चुका किंवा अंबाडी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका. आंबटाने भांड्याचा धातू अन्नात उतरतो. लोखंडी कढईत केली तर लोह वाढेल, पण शिजल्यावर लगेच स्टीलमध्ये काढा, नाहीतर भाजी काळी पडते आणि चवही बिघडते.

दुसऱ्या रात्री उरलेल्या डाळीची वरणफळं. त्या रात्री भाकरीला सुट्टी, भांडंही एकच. दोन वाट्या कणीक, ओवा, हळद, मीठ, दोन चमचे तेल, घट्ट मळायची. हा गोळा सकाळी करून डाळीशेजारी फ्रीजमध्ये ठेवता येतो. डाळीत दीड लिटर पाणी, काळा मसाला आणि चिंचेचा कोळ घालून फोडणी द्या. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करा. हे काम पाचवीतली मुलगी आनंदाने करते. वरण जोरात उकळत असतानाच फळं एकेक करून सोडा. ढीगभर एकदम टाकली किंवा वरण दाट असलं तर ती एकमेकांना चिकटून मधे कच्ची राहतात. दहा-बारा मिनिटं लागतात. मुलाचं ताट उशिरा असतं आणि फळं तोवर पाणी पितात, तेव्हा त्याच्या वाट्यात पेलाभर गरम पाणी घालून पुन्हा उकळी द्या. सोबत कच्चा कांदा, काकडी आणि लिंबू असू द्या.

आता भाकरी. तुमच्याकडे जेवणाच्या तीन वेळा आहेत आणि बहुतेक घरात भाकरी इथंच मागे पडते, कारण सव्वानऊपर्यंत ती कडक होते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. तिचं पीठ धरून ठेवतो तो उकळत्या पाण्याने फुगलेला स्टार्च. म्हणून उकड काढा. आठ भाकऱ्यांना साडेपाचशे-सहाशे ग्रॅम पीठ लागतं. पिठाच्या मापाचंच पाणी, वाटीला वाटी, खळखळ उकळा, गॅस बंद करा, पीठ घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. ही दहा मिनिटं म्हणजे तुमची फोडणीची वेळ. मग एकेका भाकरीपुरतं पीठ हाताला पाणी लावून चांगलं रगडून मळा, बाकीचं ओल्या फडक्याखाली. कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलं किंवा पीठ जुनं आहे. पंधरा दिवसांचं दळण एकदम आणू नका. आठ दिवसांपुरतंच आणा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

झालेल्या भाकऱ्या गरम असताना स्टीलच्या डब्यात बंद केल्या तर वाफेने खालची भिजते आणि वरची वातड होते. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवा. मुलगा आला की भाकरीवर पाण्याचा हात फिरवून तापल्या तव्यावर दोन्हीकडून वीस-वीस सेकंद. नाहीतर गरम वरणात कुस्करून द्या. क्लासहून दमून आलेल्या मुलाला काला खायला चावण्याचेही कष्ट नसतात, आणि तो पोटभर खातो.

घड्याळ लावून सांगायचं तर पावणेसातला उकडीचं पाणी, सातला दहा कमी असताना पीठ झाकलेलं, सातपर्यंत फोडणी, सव्वासातपर्यंत पहिली भाकरी. ती सासूबाईंची. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येते. घाम येणं, हात थरथरणं, डोकं हलकं होणं ही त्याची लक्षणं. म्हणून सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हणून त्यांना आठपर्यंत थांबवू नका. आणि एक गैरसमज काढून टाका. ज्वारी खाल्ली की साखर वाढतच नाही असं नाही. भाकरीतही पिष्टमय पदार्थच आहेत, फक्त तांदळापेक्षा सावकाश पचतात, आणि तेही भाकरी मोजून खाल्ली तर. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा, पाव भाग डाळीचा, उरलेल्या पावात भाकरी. साधारण एक ते दीड भाकरी होते. नेमकं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

मुलाचं उलट आहे, त्याला प्रथिनं कमी पडतात. साधारण पंचावन्न किलोच्या मुलाला दिवसाला पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. बटाटा-भातावर ती होत नाहीत. भाकरीतून काही मिळतात, पण ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक गरजेचा घटक) कमी असतं. डाळीत ते भरपूर असतं, म्हणून भाकरी आणि वरण एका ताटात हवं. त्यावर आठवड्यातून दोनदा सोयावडी. सोयाबीन आपल्याच शिवारातलं पीक, पण रात्रीच्या ताटात ते क्वचित दिसतं. १०० ग्रॅम सोयावडीत जवळपास निम्मी प्रथिनं असतात. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार पाण्यात टाका आणि घट्ट पिळा, असं दोनदा. न पिळता टाकली तर तो उग्र वास रश्शात उतरतो, आणि घरात ‘सोयाबीन नको’ सुरू होतं ते त्या वासामुळेच. पिळलेल्या वड्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या रश्शात पंधरा मिनिटं शिजवा. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि उकडायला कुणाची देखरेख लागत नाही.

रात्री भात-भाकरीनंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला. चहामुळे अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं, लिंबामुळे ते जास्त लागतं. ज्वारीचं सांगायचं तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ साली आली, तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडे असेल तर आवर्जून घ्या. नसेल तर साधी मालदांडी उत्तमच.

पार्सल कोणत्या दिवशी येतं ते आठवून बघा. बहुतेक आदल्या दिवशीचं काही शिल्लक नसतं आणि अंगात त्राण नसतं, त्या दिवशी. त्या दिवसासाठी घरात येसर असू द्या. एक वाटी गहू, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी ज्वारी, अर्धी वाटी धणे, दोन मोठे चमचे जिरं, आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर मिरे, हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर खमंग भाजा. एकत्र भाजलं तर धणे करपतात आणि डाळ कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावर हळद, हिंग घालून बारीक दळा. गरम दळलं तर ओल धरतं आणि जाळी लागते. कोरड्या बरणीत दोन महिने टिकतं. आमटीला लिटरभर थंड पाण्यात चार मोठे चमचे येसर कालवा, गरम पाण्यात गाठी होतात. लसणाची फोडणी, त्यावर हे पाणी, चिंच, मीठ, किंचित गूळ, आठ मिनिटं उकळी. सुरुवातीला पातळ वाटेल, पीठ घालू नका, उकळीने ते दाटतं. यात डाळ थोडीच असते, म्हणून त्या रात्री सोबत अंडी किंवा वाटीभर दही.

बेसनही (पिठलं) हातचं आहेच. पातळ हवं तर पिठाच्या तिप्पट पाणी, आणि उशिरा जेवणारा असेल तर साडेतीनपट, कारण थांबलं की ते आवळतं. झाकून सहा मिनिटं तरी शिजवा. कच्च्या बेसनाने पोट फुगतं.

मटकी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधा, दुसऱ्या संध्याकाळी उसळीला तयार. उन्हाळ्यात सहा-सात तासच भिजवा आणि मोड आले की फ्रीजमध्ये, नाहीतर बुळबुळीत होते.

तेलाबद्दल. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. म्हणजे पाच जणांत तुमचा डबा निदान चाळीस दिवस जायला हवा. डब्यातून थेट कढईत ओतणं बंद करा, लहान किटलीत काढा आणि चमच्याने घाला. कांदा भाजताना तेल वाढवण्याऐवजी चिमूटभर मीठ टाका, त्याला पाणी सुटतं आणि तो लागत नाही. भाजीवर ताट ठेवून त्यात पाणी घाला, वाफेवर ती शिजते. मिठालाही हाच हिशोब लावता येतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅम धरलं तर किलोची पिशवी चाळीस दिवस पुरते. आधी संपत असेल तर पापड, लोणचं आणि ठेचा यांच्याकडे बघा, कारण त्यांतलं मीठ तर या हिशोबात आलेलंही नाही.

हे सगळं तुम्ही एकटीने करायचं असं आम्ही म्हणत नाही. ‘मदत कर’ म्हटलं की काय करू हे सांगण्याचं काम पुन्हा तुमच्याकडेच येतं. त्यापेक्षा पूर्ण काम सोपवा. दळण आणि रविवारचा बाजार यजमानांचा, रात्रीचा ओटा आणि भांडीही त्यांचीच. दुपारी बसून पालेभाजी निवडणं सासूबाईंना जमत असेल आणि आवडत असेल तर त्यांचं. लसूण सोलणं मुलीचं. मुलगा आपलं ताट स्वतः गरम करून घेईल आणि धुवून ठेवेल, नीटचा अभ्यास असला तरी त्याला पाच मिनिटं लागतात.

पार्सल एकदम बंद करू नका, मुलं खट्टू होतील. आठवड्याला दोनाचं एक करा आणि वार आधी ठरवा, शनिवार म्हणा. महिन्याला चौदाशे वाचतात, त्यात दूध, अंडी आणि फळं येतात.

येत्या रविवारी तीनच गोष्टी करा: येसर, अर्धा किलो शेंगदाणे भाजून कूट, आणि सात रात्रींचं कोरड्यास कागदावर लिहून फ्रीजवर लावणं. सोमवार चुक्याची डाळ, मंगळवार वरणफळं, बुधवार मटकी, गुरुवार सोयावडी, शुक्रवार बेसन आणि मेथी, शनिवार बाहेरचं, रविवार जे सगळे मिळून ठरवतील ते. त्या आठवड्यात एखादी रात्र चुकली तर येसराची बरणी उघडा आणि दुसऱ्या दिवशी कागदावरच्या पुढच्या ओळीला या. सोमवारची डाळ गोड्या पाण्यात कशी शिजली ते मात्र आम्हाला नक्की कळवा.